विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट: सहा विभागांचा एकत्र प्रकल्प कागदावर कसा बांधावा?

भूगोल_बेळगाव यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी आणि खानापूर या दोन तालुक्यांतल्या पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटवर दोन वर्षांचा प्रकल्प आखतोय. निपाणीकडे ऊस, तंबाखू आणि खताचा भरपूर वापर. खानापूरच्या पश्चिमेला घाटाचा पाऊस, भातशेती आणि विरळ वस्ती. दोन्हीकडे आड, विहीर, बोअर असे सगळे स्रोत वापरात आहेत, म्हणून तुलना करायची आहे.

पुढाकार भूगोल विभागाचा. सोबत रसायनशास्त्र, समाजशास्त्र, मृदाशास्त्राचे एक प्राध्यापक, एका वैद्यकीय महाविद्यालयाचा कम्युनिटी मेडिसिन विभाग आणि सीमेपलीकडे कोल्हापूरच्या विद्यापीठातला पर्यावरण विभाग. सगळे तयार आहेत, दोन बैठकाही झाल्या. पण प्रत्येक विभागाने आपापला आराखडा पाठवलाय आणि सहा आराखडे एकत्र ठेवले की त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही.

नमुना निवड, प्रश्नावलीची भाषा (मराठी आणि कन्नड दोन्ही लागणार), करार, एथिक्सची मंजुरी, शोधनिबंधावरची नावं, यातलं आधी काय ठरवावं? आणि अशा प्रकल्पात नेमकं कुठे बिघडतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

ओळ_आणि_रकाना

सर, तुमच्या सहा आराखड्यांना जोडणारी गोष्ट एकच: शेवटच्या तक्त्यातली एक ओळ कशाची असेल? हे ठरेपर्यंत बाकी काही ठरवू नका.

रसायनवाले विहिरी निवडतील. डॉक्टर लहान मुलं निवडतील, समाजशास्त्रवाले कुटुंबं आणि मृदाशास्त्रवाले शेतं. प्रत्येकाने स्वतंत्र निवड केली की वर्षअखेर हातात येतात अशा विहिरी ज्यांचं पाणी निवडलेल्या घरांत कुणी पीत नाही, आणि अशी मुलं ज्यांच्या घरच्या पाण्याची तपासणीच झालेली नाही. तेव्हा निवड एकाच साखळीने व्हायला हवी. आधी गाव, मग त्या गावातलं पाच वर्षांखालचं मूल असलेलं घर (यादी अंगणवाडीत मिळते), मग ते घर ज्या स्रोताचं पाणी पितं तो स्रोत, आणि त्या स्रोताभोवतीचं शेत. ओळ झाली ‘एक घर, एक स्रोत, एक हंगाम’. मातीच्या तपासणीलाही हाच क्रम. मृदाशास्त्राच्या सरांना हे सुरुवातीला अडचणीचं वाटेल, कारण त्यांची नेहमीची निवड जमिनीच्या प्रकारावर असते. त्यासाठी गावं निवडतानाच जमिनीच्या प्रकाराप्रमाणे गट पाडा, म्हणजे त्यांचीही गरज भागते.

संख्येचं बघा. प्रमाण ५० टक्के, चूक ५ टक्के आणि खात्री ९५ टक्के धरली तर साधं उत्तर ३८४ घरं येतं, आणि बहुतेक प्रस्तावांत तेच लिहिलेलं असतं. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, पाणी तर बहुधा एकाच थरातलं. दर गावात १६ घरं घेतली आणि गावातल्या सारखेपणाचा गुणांक ०.०५ धरला, तर १ + (१५ × ०.०५) म्हणजे १.७५ ने गुणावं लागतं. ३८४ ची ६७२ झाली. दहा टक्के घरं मिळणार नाहीत असं धरलं की ७४७, म्हणजे ४७ गावं. पाण्याच्या बाबतीत तो गुणांक ०.०५ पेक्षा मोठाच निघण्याचा संभव आहे, म्हणून पैसे असतील तर गावं वाढवा. गावातली घरं वाढवून फारसा फायदा नाही. आणि हा आकडा एका अंदाजापुरता आहे. दोन तालुक्यांची तुलना हाच मुख्य प्रश्न असेल तर संख्या त्या तुलनेसाठी वेगळी काढावी लागेल.

हंगाम दोन: पावसाआधी मे, पावसानंतर नोव्हेंबर, आणि दोन्ही वेळी तेच स्रोत. मे महिन्यात काही आड आटतील. तेव्हा पर्यायी स्रोत कोणता घ्यायचा याचा नियम आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘त्या दिवशी ते घर प्रत्यक्ष जिथून पाणी भरतं तो’. नियम नसला की पाणी गोळा करणारे विद्यार्थी रस्त्याकडेची सोयीची विहीर घेतात आणि तुलना मोडते.

आता जोडणीची किल्ली. गावाच्या नावावर तक्ते जोडू नका. निपाणी, निप्पाणी; चिकोडी, चिक्कोडी; इंग्रजीत तर प्रत्येक खात्याचं स्पेलिंग वेगळं. १ नोव्हेंबर २०१४ ला जिल्ह्याचं अधिकृत नाव बेळगावचं बेळगावी झालं, म्हणून जुनी आकडेवारी एका नावाने आणि नवी दुसऱ्या नावाने मिळते. त्याहून मोठी अडचण तालुक्याची आहे. २०११ च्या जनगणनेत निपाणी हा वेगळा तालुका नाही, ती गावं चिकोडी तालुक्यात आहेत. ‘निपाणी’ म्हणून शोधलं तर फक्त शहर हाती लागतं. म्हणून जनगणनेचा सहा आकडी ग्राम संकेतांक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा संकेतांक, असे दोन्ही रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.

घराचा आणि स्रोताचा क्रमांक छापील चिकटपट्टीवर असावा, आणि एकाच क्रमांकाच्या चार पट्ट्या: संमतीपत्रावर, प्रश्नावलीवर, बाटलीवर, मातीच्या पिशवीवर. हाताने लिहू देऊ नका. देवनागरी ४ प्रयोगशाळेत इंग्रजी आठ म्हणून वाचला जातो आणि देवनागरी १ इंग्रजी नऊ म्हणून. कन्नड अंक लिहिणारे विद्यार्थी असतील तर आणखी एक घोळ.

शेवटचं पण सगळ्यात महाग पडणारं: नायट्रेट कशाच्या रूपात सांगताय? एक प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेट देते, दुसरी त्यातला फक्त नायट्रोजन. दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिलं येतं. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) ची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे ती पूर्ण नायट्रेटची. अहवालात नुसतं ‘१२’ असेल आणि तो नायट्रोजनचा आकडा असेल, तर पाणी ५३ वर आहे आणि मर्यादेबाहेर आहे. तोच पूर्ण नायट्रेटचा असेल तर पाणी चांगलं. मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळा सवयीने नायट्रोजनमध्ये बोलतात, पाण्याच्या बहुधा नायट्रेटमध्ये. रकान्याच्या नावातच एकक लिहा. आणि ‘आढळले नाही’ याच्या जागी शून्य भरू नका. उपकरणाची किमान मर्यादा वेगळ्या रकान्यात ठेवा, विश्लेषणाच्या वेळी त्याचं काय करायचं ते ठरवता येतं.

---

बावी_की_विहीर

वरच्या प्रतिसादात ओळ आणि रकाना आला, मी शब्दांबद्दल लिहिते. सहा विभागांच्या बैठकीत ‘नमुना’ हा शब्द मोजून बघा. रसायनवाल्यांचा नमुना म्हणजे बाटलीतलं पाणी. सांख्यिकीवाल्यांचा नमुना म्हणजे निवडलेली सगळी घरं मिळून. कार्यालयाचा नमुना म्हणजे भरायचा फॉर्म. ‘नमुने ७५० झाले’ या वाक्याचे तीन अर्थ निघतात, आणि तिसऱ्या अर्थाने खर्चाचा हिशेबही बदलतो. दोन पानांचा शब्दकोश तयार करा: घर, कुटुंब, स्रोत, नमुना, भेट, हंगाम. ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवरचे की एका रेशनकार्डावरचे, हे त्यातच लिहा. त्यावर सगळ्यांची सही घ्या.

प्रश्नावलीत त्याहून बारीक गोष्टी आहेत. आपल्या भागात ‘आड’ आणि ‘विहीर’ वेगळे. आड अरुंद, घरालगतचा, रहाट किंवा पोहऱ्याने पाणी काढायचा. विहीर मोठी, शेतातली, बहुधा मोटर बसवलेली. नायट्रेटसाठी हा फरक मुख्य आहे, कारण आड शौचालयाच्या शोषखड्ड्याजवळ आणि गोठ्याजवळ असतो, तर विहीर खत घातलेल्या शेतात. कन्नडमध्ये दोन्हीला ‘बावी’ म्हटलं की फरक पुसला गेला. कन्नड प्रश्नावली पुन्हा मराठीत आणून बघितली की सगळीकडे ‘विहीर’ येते आणि आड गायब होतो. म्हणून शब्दावर विसंबू नका. खोली किती, व्यास किती, शोषखड्डा किती पावलांवर, गोठा किती पावलांवर, हे मोजून भरायचे चार रकाने ठेवा. भाषांतर एकाने करायचं, उलट भाषांतर मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्याने, आणि मग दोन्ही भाषांत दहा-पंधरा घरांत चाचणी. ‘कूपनलिका’ हा शब्द प्रश्नावलीत नको. दोन्ही भाषांत लोक बोअरच म्हणतात.

‘तुम्ही कोणतं पाणी पिता?’ हा प्रश्न तर तसा विचारूच नका. आपल्याकडे गावोगावी नाणं टाकून पाणी देणारे शुद्ध पाण्याचे प्लांट आहेत. बरीच घरं पिण्याला प्लांटचं पाणी आणतात, स्वयंपाकाला नळाचं किंवा आडाचं वापरतात, आणि पाहुणे आले, प्लांट बंद पडला की पुन्हा आडाचंच पितात. तीन प्रश्न वेगळे विचारा: प्यायला कोणतं, आमटी-भाताला कोणतं, आणि बाळाची दूधपावडर किंवा पेज कोणत्या पाण्यात करता. तिसरा प्रश्न डॉक्टरांना सगळ्यात जास्त लागणार आहे. नायट्रेटचा मुख्य धोका सहा महिन्यांच्या आतल्या वरच्या दुधावरच्या बाळांना असतो. हा प्रश्न नसला तर हजारभर बाटल्या तपासूनही मुलाच्या पोटात किती गेलं हे सांगता येणार नाही.

खताचंही तसंच. शेतकरी पोत्यांत सांगतो आणि पोतं प्रत्येक खताचं वेगळं. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं आहे, आधी ५० चं होतं. डीएपीचं ५० किलोचं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे पोत्यामागे २०.७ किलो. डीएपीत १८ टक्के, म्हणजे ९ किलो. ‘एकरी किती पोती’ एवढंच विचारलं तर दोन्ही एकाच रकान्यात जातात. खताचं नाव, पोती आणि क्षेत्र वेगवेगळं घ्या. शेणखत आणि साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) ट्रॉलीत विचारा. क्षेत्र एकर-गुंठ्यात घ्या (४० गुंठे म्हणजे एक एकर) आणि हेक्टरचं रूपांतर संगणकावर करा, घरी बसलेल्या माणसाला करायला लावू नका. कोल्हापूरच्या भागीदारांनी पलीकडचीही गावं घेतली, तर तिकडे सातबारा आणि गट क्रमांक, इकडे पहाणीपत्रक आणि सर्वे-हिस्सा क्रमांक. एका रकान्यात दोन्ही बसत नाहीत.

काळ विचारताना ‘मागच्या सहा महिन्यांत’ हे कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘बेंदरापासून दिवाळीपर्यंत’, ‘सुगीनंतर’ असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. सुगी शब्द कन्नडमध्येही चालतो.

प्रश्नावली फोनवर घ्या. कोबो किंवा ओडीके, सर्वेक्षणाच्या या दोन्ही अ‍ॅपांत एकच फॉर्म दोन भाषांत ठेवता येतो आणि उत्तर एकाच संकेतांकाने साठतं. जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नावली तशीच चिकटवू नका, युनिकोडमध्ये नव्याने टंका, नाहीतर अक्षरांऐवजी चिन्हं दिसतात. मुलाखत कोणत्या भाषेत झाली हा रकाना अवश्य ठेवा. पुढे दोन भाषांच्या उत्तरांत फरक दिसला तर तो पाण्याचा की भाषांतराचा, हे तिथेच कळतं.

आणि गावात जाण्याआधी तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा पंचायत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) पत्र द्या. पत्र कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. कार्यालयीन कामकाज कन्नडमध्ये चालतं, नुसतं मराठी किंवा इंग्रजी पत्र टेबलावर पडून राहतं. मराठी प्रत गावकऱ्यांसाठी, तीही तितकीच गरजेची. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतली गावं घेणार असाल तर वन खात्याची परवानगी वेगळी, आणि ती सगळ्यात आधी मागा.

---

संशोधन_कक्ष

करार, पैसे आणि नावं यांबद्दल.

सामंजस्य करार आणि प्रकल्पाचा करार हे दोन कागद आहेत. पहिल्यात नुसती सहकार्याची भाषा असते, तो कुठेही पाठवता येतो. कामाचा कागद दुसरा: कोण कोणता नमुना घेणार, कुणाच्या उपकरणावर तपासणार, विदा (डेटा) कुठे राहील, कुणाला कधी मिळेल, कोणी मधेच सोडलं तर त्याच्या भागाचं काय. दोन्ही एकाच वेळी मंजुरीला द्या. कर्नाटकातल्या विद्यापीठांत अशी प्रकरणं सिंडिकेट या कार्यकारी मंडळापुढे जातात, महाराष्ट्रात व्यवस्थापन परिषदेपुढे. बैठकांच्या तारखा जुळत नाहीत, आणि एका बाजूने एक वाक्य बदललं की दुसरीकडे कागद पुन्हा जातो. मसुदा दोन्हीकडच्या कायदा सल्लागारांना आधी दाखवून, अंतिम शब्द ठरवून मगच सादर करा. चार ते सहा महिने धरून चाला. मे महिन्यात पहिली फेरी हवी असेल तर दिवाळीआधी मसुदा निघायला हवा.

एथिक्सची मंजुरी फक्त वैद्यकीय महाविद्यालयाची जबाबदारी आहे असं बाकीचे विभाग धरून चालतात. प्रश्नावलीसुद्धा माणसालाच विचारायची असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मंजुरी काम सुरू होण्याआधी लागते, मागाहून मिळत नाही. अनेक संस्था असतील तर एका समितीने सर्वांच्या वतीने पाहण्याची सोय त्याच तत्त्वांत आहे. तिच्यासाठी प्रत्येक संस्थेचं लेखी मान्यतापत्र घ्या. अर्जासोबत इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशी तिन्ही संमतीपत्रं, उलट भाषांतराचा दाखला, प्रश्नावली आणि अंदाजपत्रक. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. शाळकरी मुलांनाही सामील करणार असाल तर पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलांची लेखी तयारी लागते. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना साक्षीदार करताय का, ते नीट विचारून करा. त्याच घर दाखवायला आल्या असतील तर त्या तटस्थ राहत नाहीत.

पैशाचं सूत्र असं: अनुदानाचा हप्ता सगळ्यांचा एकत्र अडतो. एका भागीदाराचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), म्हणजे जीएफआर १२-ए हा सरकारी फॉर्म, आलं नाही की पुढचा हप्ता कुणालाच मिळत नाही. ३१ मार्चआधी हिशेब मिळवायचा तर फेब्रुवारीतच खर्च बंद करायला सांगा. तपासणीचे दर मागवताना जीएसटीसह मागवा, १८ टक्के नंतर कुठून आणणार? मोठी उपकरणं विकत घेऊ नका. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्रं आहेत, दोन्ही एकाच पुणे-बेंगळुरू महामार्गावर. आय-स्टेम पोर्टलवर कोणतं उपकरण कुठे उपलब्ध आहे ते दिसतं.

आता नावं. वाद इथेच होतो, आणि त्यामागे माणसांचा स्वभाव कमी, नियम जास्त आहे. प्राध्यापकांच्या नेमणूक-पदोन्नतीसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दोघांच्या निबंधाला प्रत्येकी ७० टक्के गुण आहेत. लेखक दोनाहून जास्त झाले की पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. सहा विभागांचा एकच निबंध काढला तर बहुतेकांच्या वाट्याला ३० येतं. म्हणून निबंध आधीच मोजा. रसायनाचा एक, खत आणि मातीचा एक, पाणी वापरण्याच्या सवयींचा एक, मुलांच्या आरोग्याचा एक, आणि सगळ्यांचा मिळून एक. प्रत्येकाचा पहिला लेखक आणि पत्रव्यवहाराचा लेखक आजच लिहून टाका. वैद्यकीय महाविद्यालयांचे पदोन्नतीचे नियम वेगळे आहेत, तेही त्या मंडळींना विचारून त्याच कागदावर आणा. लेखक कोण याला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समितीच्या चारही अटी लावा: कामात मोलाचा वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी. नुसतं उपकरण वापरू दिलं, नुसत्या बाटल्या गोळा केल्या, तर आभारात नाव. पण बाटल्या गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला विश्लेषणात आणि लेखनात भाग घ्यायची संधी आधी द्या, मग अट लावा. संधी न देता अट लावणं अन्याय आहे आणि तो सर्रास होतो.

पीएचडीचे विद्यार्थी असतील तर कोणता प्रश्न कुणाच्या प्रबंधात हे मार्गदर्शकांच्या सहीने ठरवा. एकाच तक्त्यावर दोन प्रबंध चालतात, एकाच प्रश्नावर चालत नाहीत.

---

भूगोल_बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘ओळ कशाची’ हा प्रश्न उद्याच्या बैठकीत पहिला घेतो. आणखी दोन शंका. बाटल्या गावात आमचे विद्यार्थी भरणार, रसायनवाले नाहीत. त्यांना काय शिकवायचं? आणि तपासणीचा निकाल घरोघरी द्यावा का? काहींचं म्हणणं, घबराट होईल.

---

दोन_बाटल्या

बाटल्यांचं सांगतो. प्रत्येक स्रोताच्या दोन बाटल्या, आणि त्यांची झाकणं वेगळ्या रंगाची.

पांढरं झाकण: ५०० मिलि, काहीही न घालता. यातून नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट. लाल झाकण: १०० मिलि, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, पीएच २ च्या खाली जाईपर्यंत नायट्रिक आम्ल. यातून कॅल्शियम, सोडियम आणि धातू. धातूंच्या नमुन्यात आम्ल घालतात एवढं ऐकून विद्यार्थी दोन्ही बाटल्यांत घालतात. नायट्रिक आम्ल म्हणजे नायट्रेटच. पांढऱ्या बाटलीत त्याचा एक थेंब पडला की तो नमुना गेला. आम्लाची कुपी गावात नेऊच नका, लाल बाटल्यांत प्रयोगशाळेतूनच आम्ल मोजून टाकून पाठवा. मग एक काळजी: लाल बाटली विसळायची नाही आणि ओसंडून भरायची नाही. पांढरी मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायची.

बोअरचं पाणी टाकीतून नको, पाइपच्या तोंडातून. मोटर सुरू करून विद्युतवाहकता मोजत राहायची, लागोपाठ तीन वाचनं सारखी आली की बाटली भरायची. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि वीज कधी येते ते आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागतं. आडाचं पाणी आपल्या स्वच्छ बादलीने, मध्यावरून, पृष्ठभागाचा थर टाळून. पंचायतीने ब्लीचिंग पावडर कधी टाकली ते विचारून लिहा. तापमान, पीएच आणि वाहकता तिथेच मोजा.

पांढरी बाटली बर्फाच्या पेटीत चार अंशाला, आणि तपासणी ४८ तासांच्या आत. म्हणून बाटल्या सोमवार ते बुधवार भरा. शुक्रवारी संध्याकाळी आणलेली बाटली सोमवारपर्यंत तशीच राहते आणि जिवाणू नायट्रेट खाऊन टाकतात. आकडा कमी येतो, कुणाला संशयही येत नाही.

नायट्रेट साध्या यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) पद्धतीने मोजणार असाल (२२० नॅनोमीटरला वाचन, २७५ च्या वाचनाची दुप्पट वजा), तर ती सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या पाण्यालाच चालते. वजा करायचा आकडा २२० च्या वाचनाच्या १० टक्क्यांहून मोठा झाला की ती पद्धत सोडा आणि आयन क्रोमॅटोग्राफीकडे (आयन वेगवेगळे करून मोजण्याच्या पद्धतीकडे) जा. पानं-पाचोळा पडलेल्या आडांत, विशेषतः खानापूरच्या जंगलालगत, हे वारंवार होणार.

दर २० नमुन्यांमागे एक दुबार बाटली आणि एक कोरी, म्हणजे शुद्ध पाणी गावात नेऊन भरलेली. शिवाय काही बाटल्या दोन भाग करून बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे, क्रमांकावरून ओळखता येणार नाहीत अशा. शेवटी धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या मापात) काढा, फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. ज्यात नायट्रेट भरपूर आहे अशा पाण्यात वर सांगितलेली एककाची चूकही या बेरजेत उघडी पडते. मात्र बेरजेला बायकार्बोनेट लागतो, त्याचं टायट्रेशन त्याच दिवशी करा.

---

बालक_आरोग्य

दुसऱ्या शंकेचं उत्तर: द्यायलाच हवा. ज्याच्या आडातून पाणी घेतलं त्याला त्याचा आकडा कळणं हा त्याचा हक्क आहे, आणि संमतीपत्रात तसं लिहा. घबराट निकालाने होत नाही. निकाल दिला आणि करायचं काय ते सांगितलं नाही, की होते.

आधी एक गोष्ट मापनाची. पहिल्या टप्प्यात बाळांचं रक्त घेऊ नका. मेथहिमोग्लोबिनचा (नायट्रेटमुळे रक्तात वाढणाऱ्या, प्राणवायू वाहू न शकणाऱ्या हिमोग्लोबिनचा) नमुना टिकत नाही, काही तासांत योग्य उपकरणावर तपासावा लागतो आणि खेड्यातून ते जमत नाही. साध्या पल्स ऑक्सिमीटरने ते मोजता येत नाही, त्याचं वाचन अशा रुग्णात फसवं येतं. पाणी, दूधपावडरचा प्रश्न आणि बाळाचं वजन-उंची एवढं नीट घ्या. ओठ किंवा नखं निळसर दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं, हे पथकाच्या कागदावर सगळ्यात वर असावं.

निकालाचं कार्ड अर्ध्या पानाचं करा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. वर घराचा क्रमांक आणि तारीख, खाली तुमच्या पाण्यातलं नायट्रेट इतकं, मर्यादा ४५. मर्यादेच्या आत असेल तर तेवढंच लिहा, ‘शुद्ध’ असं लिहू नका, कारण तुम्ही जंतू तपासलेले नाहीत. मर्यादेबाहेर असेल तर तीन ओळी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध; आईच्या दुधातून नायट्रेट फारसं उतरत नाही. वरचं दूध द्यावंच लागत असेल तर ते या पाण्यात कालवू नका, आरओ प्लांटचं किंवा तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा. आणि तिसरी ओळ जाड अक्षरात: हे पाणी उकळून बाळाला देऊ नका, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं ते वाढतं. उकळलेलं पाणी बाळाला चांगलं हे आपण सगळ्यांनीच घरोघरी सांगितलेलं आहे, त्यामुळे ही ओळ आशाताईंना कार्ड वाटण्याआधी समजावून सांगा, आणि त्याच आठवड्यात मर्यादेबाहेरच्या स्रोतांची यादी पीडीओंकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवा.